नाशिककडे शेतघर घेतलंय? बुडखे, वाळवी आणि बाकीच्या मंडळींचं काय करायचं

गिरणारे, वाडीवऱ्हे, घोटी, त्र्यंबक रोड, दिंडोरी, या सगळ्या पट्ट्यात हल्ली ज्याला त्याला थोडी जागा आणि तिच्यावर दोन खोल्यांचं घर पाहिजे असतं. (कागदपत्रांचा विषय वेगळा, त्यात इथे पडत नाही.) जागा बघायला आलेले लोक डोंगर बघतात, धरणाचं पाणी बघतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात, पण गवतात दडलेले बुडखे, म्हणजे तोडलेल्या झाडांचे जमिनीत राहिलेले खुंट, कोणी मोजत नाही. मग पहिल्या पावसात त्या बुडख्यांना फुटवे येतात, पुढच्या वर्षी दाराच्या चौकटीत वाळवी निघते, लाकडाच्या ढिगात उंदीर, उंदरामागे साप, आणि मग माणूस घाबरून कृषी सेवा केंद्रात जातो आणि दुकानदार देईल ते औषध घेऊन येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे एकच काम आहे. बुडखे, लाकूडफाटा आणि पाणी या तीन गोष्टी जागेवर आल्या की औषधाची गरज फारशी उरत नाही, आणि या तीन गोष्टी सोडून नुसती औषधं मारत बसलात तर दरवर्षी मारत बसाल.

पहिलं काम : फिरा, हात लावू नका

एक सकाळ काढा, चुन्याची पिशवी घ्या आणि प्रत्येक बुडख्यावर खूण करत सगळी जागा फिरा. पायात गमबूट, हातात काठी. घराच्या भिंतीपासून पंधरा-वीस फुटांच्या आतला प्रत्येक बुडखा काढायचाच. गाडीची वाट, शोषखड्डा, पाइपलाइन किंवा बोअरच्या आड येणारे पण काढायचे. पण उतारावरचे, ओहोळाच्या काठाचे आणि लांबच्या बांधावरचे तसेच राहू द्या, खरंच राहू द्या. इगतपुरी-त्र्यंबककडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे उतारावरचा बुडखा मुळासकट उपटला की ती भोकं पडलेली माती पहिल्याच जोराच्या पावसात खाली जाते, मग बसा गॅबियन (जाळीत भरलेले दगड) आणि पिचिंगचे (उतारावर रचलेले दगड) खर्च करत. नवीन माणसाला सगळं कसं साफ साफ पाहिजे असतं, हीच त्याची महागडी हौस.

झाड कुठलं होतं तेही विचारून घ्या, शेजारचे शेतकरी किंवा गुरं चारणारे मामा साल बघून सांगतात. नीलगिरी, सुबाभूळ, गिरीपुष्प आणि साग हे बुडख्यातून परत फुटतात आणि जोरात फुटतात. गुलमोहर मऊ, तो लवकर कुजतो. आंबा-जांभूळ म्हातारं असेल तर सहसा नीट फुटत नाही पण लाकूड टिकून राहतं. नारळाचा बुडखा कुजायला सोडू नका, त्यात गेंडा भुंगा वाढतो आणि तो तुमच्या जिवंत नारळांवर जातो.

आता कायद्याचं. उभं झाड तोडायचं असेल तर "जमीन माझी, झाड माझं" असं चालत नाही. ग्रामीण भागात १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम आहे, त्याच्या यादीत साग, आंबा, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा, खैर, ऐन, फणस, चंदन अशी झाडं आहेत, त्यांना परवानगी लागते. जागा महापालिका हद्दीत असेल तर १९७५ चा शहरी झाडांचा कायदा लागतो आणि अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे जातो. तुम्ही घ्यायच्या आधीच तोडलेले बुडखे असतील तर ते कोणी, कधी तोडले ते विकणाऱ्याला विचारा आणि उकरायच्या आधी प्रत्येकाचे फोटो काढून ठेवा, उद्या कोणी विचारलं तर तुमच्याकडे काहीतरी असावं. सागाचा किंवा खैराचा बुडखा दिसला तर आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसमध्ये विचारून या. आणि चंदनाला हातच लावू नका, त्याचा किमती गाभा मुळातसुद्धा असतो, म्हणून चोर पण बुडखा उकरून नेतात.

बुडखा उपटायचा कसा

झाड अजून उभं असेल आणि परवानगी हातात असेल तर तोडणाऱ्याला एकच गोष्ट बजावून सांगा : जमिनीलगत कापू नको, तीन-चार फूट खुंट ठेव. तोडणारे स्वच्छ दिसावं म्हणून मुद्दाम बुडातून कापतात आणि आपण खुश होतो, पण मग ओढायला धरायचं कुठे? उंच खुंट असला की त्याला वरून ओढता येतं, हलवून मुळं सैल करता येतात, निम्मं काम तिथेच होतं. फक्त कुजवायचाच असेल तर मात्र जितका खाली कापता येईल तितका कापा.

वेळ महत्त्वाची. मे महिन्यात मुरमाड जमिनीत पहार मारली तर ठणकन वाजते आणि हाताला झिणझिण्या येतात, माती हलत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या मातीत जेसीबी रुतला तर त्याला काढायला दुसरा आणावा लागतो. पाऊस उघडल्यावर जमीन वाफशावर आली की, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेव्हा करा. माती मऊ असते, चिकटत नाही, आणि गवतही बसायला लागलेलं असतं.

एक फुटापर्यंत जाडीचा बुडखा दोन माणसं हातांनी काढू शकतात. कुदळ, टिकाव, फावडं, पहार, धारदार कुऱ्हाड आणि एक बादली पाणी, एवढं लागतं. पाणी कशाला? तर बुडख्याभोवती दीड-दोन फूट खोल चर खणायचा, आडवी मुळं उघडी करायची आणि तोडायच्या आधी मुळावर पाणी ओतून माती-खडे धुवायचे, नाहीतर कुऱ्हाडीची धार दोन घावात जाते. बाजूची सगळी मुळं तुटली की खुंट एका बाजूला ढकलून बघा, करकर आवाज आला की समजायचं फक्त सोटमूळ राहिलंय, ते शेवटी. चर खणताना हात घालायच्या आधी काठी घाला, बुडख्याखालच्या पोकळीत विंचू हमखास असतो. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेऊन ठेवा, गंजलेली तार पायात गेल्यावर नाही.

जरा मोठा असेल तर चेन ब्लॉक (साखळीचं हाताने ओढायचं यंत्र) आणि तार भाड्याने मिळते, सातपूर-अंबडकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे विचारा. तारेचं एक टोक काढायच्या बुडख्याला आणि दुसरं टोक दुसऱ्या मजबूत बुडख्याला बांधा, जिवंत झाडाला बांधायचंच असेल तर खाली गोणपाटाची जाड घडी द्या, नाहीतर साल कापली जाऊन ते झाडही जातं. तार ताणलेली असताना तिच्या सरळ रेषेत कोणी उभं राहायचं नाही, मध्यावर एक भिजवलेली गोधडी टाकून ठेवा म्हणजे तार तुटली तरी उसळत नाही.

ट्रॅक्टरने ओढायचं असेल तर हा भाग दोनदा वाचा. दोर मागच्या खालच्या हुकालाच बांधायचा. वर, म्हणजे सीटखालच्या भागाला किंवा टॉप लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) बांधून जोर लावला आणि बुडखा हलला नाही तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलतं आणि तो मागे चालकावर पलटतो. हे एवढ्या पटकन होतं की क्लच दाबायला वेळ मिळत नाही. गावातल्या पोराने "काय होत नाय शेठ" म्हटलं तरी तुम्ही ऐकू नका.

चार-पाचपेक्षा जास्त बुडखे असतील किंवा घेर मोठा असेल तर सरळ जेसीबी बोलवा, तासावर भाडं असतं आणि येण्याजाण्याचं वेगळं, आधीच ठरवून घ्या. निफाड-दिंडोरीत जुन्या द्राक्षबागा काढणारे ऑपरेटर मिळाले तर उत्तम, त्यांचा हात बसलेला असतो. तो यायच्या आधी पाइप, केबल, शोषखड्डा यांच्यावर झेंड्या लावा. मुळाची माती खड्ड्यातच झटकायला सांगा, आणि वरची काळी माती "भर टाकतो" म्हणून इकडेतिकडे पसरवू देऊ नका, ती एकदा मुरमाखाली गेली की गेली.

खड्डा भरताना आळस नको. त्यात लाकडाचे तुकडे, मुळं, पालापाचोळा ढकलला तर तुम्ही स्वतःच्या हाताने वाळवीचं कोठार बांधताय. कच्चं शेणखत पण नको, त्यात हुमणी (मुळं खाणारी अळी) होते. नुसती माती थराथराने, पाणी मारून, धुम्मसने ठोकून भरा, वर थोडी उंचवटा ठेवा कारण ती एका पावसाळ्यात खाली बसणारच. तो पावसाळा जाईपर्यंत तिथे फरशी, पेव्हर ब्लॉक काही बसवू नका.

उपटायचा नसेल तर

लांबचा पण नडणारा बुडखा कुजवता येतो, वेळ लागतो, दोन-तीन वर्षं धरा, नीलगिरीला त्याहून जास्त. वरून एक इंची ड्रिलने आठ-दहा इंच खोल भोकं पाडा, त्यात शेणाची स्लरी किंवा थोडा युरिया पाण्यात कालवून ओता, वर माती टाकून ओली ठेवा. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि नत्र लागतं, बाकी ती करते. घराजवळच्या बुडख्याला मात्र ही युक्ती करायची नाही, कारण कुजणारं ओलं लाकूड बुरशीइतकंच वाळवीलाही आवडतं. बागेत आंबे-चिकू असतील तर बुडख्याच्या बुडाशी तपकिरी, चकचकीत, पंख्याच्या आकाराची छत्री आली का बघत राहा. ती गॅनोडर्मा असू शकते आणि ती जिवंत झाडांच्या मुळांवर जाते, तसं दिसलं तर तो बुडखा उकरून काढलेलाच बरा.

फुटवे येणाऱ्यांसाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चिकाटी. फुटवा बोटभर असतानाच मोडायचा, दर पंधरा दिवसांनी, पान मोठं होऊच द्यायचं नाही. वर टोमॅटोच्या शेतातला जुना काळा मल्चिंग पेपर दुहेरी बांधून टाकला तर काम हलकं होतं. तणनाशक लावा म्हणून सगळे सांगतील, पण ग्लायफोसेटबद्दल केंद्राने २०२२ मध्ये आदेश काढलाय की ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत वापरायचं, तेव्हा स्वतः पंप पाठीवर घेऊ नका.

मीठ, जुनं ऑइल, डिझेल ओतणं हे प्रकार तर अजिबात नको, जमीन खराब होते आणि उतार असेल तर ते विहिरीकडेच जातं. जाळू पण नका. मुळं जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसत राहतात, वर काही दिसत नाही, आणि फेब्रुवारीनंतर आपल्याकडचं डोंगरावरचं गवत कसं वाळलेलं असतं ते माहितीच आहे. वणवा लागला तर तो तुमच्या कुंपणापाशी थांबणार नाही, आणि राखीव जंगलात गेला तर केस होते.

लाकूड कुठे ठेवायचं

निघालेलं सरपण लोक कुठे लावतात? घराच्या मागच्या भिंतीला टेकून, पत्र्याखाली. यासारखी वाईट जागा नाही. भिंतीपासून वीसेक फूट लांब, दगडांवर किंवा लोखंडी अँगलवर फूट-दीड फूट उंच, खालून आरपार दिसेल असं रचा. खालून उजेड दिसला म्हणजे वाळवीला चढायला माती नाही आणि सापाला बसायला अंधार नाही. काही जण मुळाचा टीपॉय करतात, छान दिसतो, पण चांगला वाळवून आणि बोरॅक्स-बोरिक अॅसिडचं पाणी पाजून मगच घरात आणा.

वाळवी

भिंतीवरून, चौकटीवरून मातीच्या बारीक नळ्या चढताना दिसल्या की ती वाळवी. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्यावर पंखवाले किडे येतात आणि सकाळी खिडकीत नुसते पंख पडलेले असतात, ते बाहेरून आले असतील तर ठीक, पण घरातल्या भिंतीच्या फटीतूनच निघताना दिसले तर वसाहत घराखाली आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकट ठोकत जा, पोकळ आवाज आला की टोक रुतवून बघा.

नळ्या झाडून टाकल्या म्हणजे झालं असं नाही, दोन दिवसात परत बांधतात. ती कुठून येते ते शोधा, बहुतेक वेळा भिंतीला लागलेली माती, गळका नळ, न्हाणीचं पाणी किंवा भिंतीला चिकटून केलेले फुलझाडांचे वाफे, यापैकी काहीतरी सापडतंच. जोत्याच्या वर माती येता कामा नये, जोतं चारी बाजूने उघडं दिसलं पाहिजे, भिंतीलगत दोन फुटांचा खडीचा पट्टा ठेवा.

मग औषध. अजून घर बांधायचं असेल तर पाया भरतानाच वाळवीची प्रक्रिया करून घ्या, नंतरच्यापेक्षा ती कितीतरी सोपी. यासाठी आयएस ६३१३ हे भारतीय मानक आहे, भाग २ बांधकामाआधीचा, भाग ३ उभ्या घरासाठी. उभ्या घरात भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे १२ मिलिमीटरची भोकं, दर ३० सेंटिमीटरवर एक, आणि प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण, मग सिमेंटने बंद. औषध क्लोरपायरीफॉस २० ईसी (म्हणजे २० टक्क्यांचं) असेल तर एक लिटर औषधाला १९ लिटर पाणी, म्हणजे एक टक्का. इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी असेल तर एका लिटर पाण्याला २.१ मिली. पेस्ट कंट्रोलवाला आला की डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, लेबल वाचा, भोकांमधलं अंतर टेपने मोजा. कोपऱ्यात चार फवारे मारून "पाच वर्षं गॅरंटी" म्हणणारे भरपूर फिरतात. विहीर किंवा बोअर भिंतीजवळ असेल तर त्या बाजूला हे काम करू नका.

लांबच्या बांधावर वारूळ असेल तर असू द्या. ते फोडून तुमच्या चौकटीचं काही भलं होत नाही, आणि आत नाग निघाला तर ती वेगळीच भानगड.

उंदीर, घुशी आणि त्यांच्यामागून येणारे

शेतघर आठवड्यातून दोनच दिवस उघडं असतं, बाकीचे पाच दिवस ते उंदरांचं. धान्य, कुत्र्याचं खाणं, साबण सुद्धा पत्र्याच्या डब्यात. दाराखालची फट, पाइपाची भोकं, पत्रा आणि भिंतीमधली जागा, बोट जाईल एवढी प्रत्येक फट बारीक लोखंडी जाळी आणि सिमेंटने बंद. पिंजरे भिंतीलगत लावा, सुकट किंवा शेंगदाणे चालतात. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात नको, घराजवळच्या बिळात पण नको, त्यातून निघणारा वायू फटीतून खोलीत येतो आणि माणसं झोपेत दगावतात. विषारी वड्या पण टाळलेल्या बऱ्या, तो उंदीर खाऊन घुबडं मरतात, आणि गव्हाणी घुबडासारखा उंदीर मारणारा दुसरा नाही.

सापांसाठी लोक घराभोवती थिमेट (शेतातलं दाणेदार कीटकनाशक) टाकतात, आपल्याकडे तर फारच. त्यातलं फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, अतिशय विषारी आहे, आणि साप त्याने थांबत नाही, मात्र कुत्रं, कोंबड्या, लहान पोरं यांचा जीव जाऊ शकतो. कुठल्या दुकानात मिळालं तरी घेऊ नका. गवत घराभोवती कमी ठेवा, रात्री बॅटरीशिवाय पाऊल नको, जमिनीवर झोपू नका, झोपलात तर मच्छरदाणी गादीखाली खोचून, कारण मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा चावा कित्येकदा कळतही नाही. धामण दिसली तर जाऊ द्या, ती तुमचेच उंदीर खाते. साप मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, वनखात्याची १९२६ हेल्पलाइन आहे, जवळच्या सर्पमित्राचा नंबर पण भिंतीवर लिहून ठेवा.

चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. हात-पाय हलवू न देता १०८ ला फोन किंवा सरळ गाडी काढून दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप पकडून न्यायची गरज नाही. जागा घेतली त्याच आठवड्यात जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन प्रतिविष ठेवता का ते विचारून या.

विंचवासाठी नोटा तपासायची निळी यूव्ही बॅटरी घ्या, स्वस्त मिळते. अंधारात तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, दगडाच्या बांधावर एकदा मारून बघा, झोप उडेल. लाल विंचू चावला तर घाम, थंड हातपाय, छातीत धडधड अशी लक्षणं येतात, विशेषतः लहान मुलांना ते जिवावरचं असतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, आता तो सगळीकडे माहीत आहे, फक्त वेळेत पोचायचं.

आग्या मोहोळ उंच झाडावर असेल तर त्याच्या खाली चूल, धूर, फटाके, ड्रोन काही नको, बहुतेक मोहोळं हंगाम संपला की आपोआप उठून जातात. वळचणीला गांधीलमाश्यांचं घर सुरुवातीलाच, सुपारीएवढं असताना, रात्री काठीने पाडून टाका, मोठं झालं तर जाणकार माणूस बोलवा. सागाच्या वाशांना गोल गोल भोकं दिसली आणि खाली भुसा पडला तर तो सुतार भुंगा, भोकात लाकडाची खुंटी ठोकून वर वॉर्निश मारा, लगेच काही छप्पर कोसळत नाही. आणि उसाच्या बाजूला घर असेल तर कुत्रं रात्री बाहेर बांधू नका, बिबट्या त्याच्यासाठीच येतो.